प्रोग्रॅम नेमका कुठे थांबला होता

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत मला 'कॉम्प्युटरवाल्या परबबाई' म्हणतात. त्यामुळे कुणाचा फोन हँग झाला, कुणाचा प्रिंटर रुसला, की माणसं माझ्या दारात उभी राहतात. मला यातलं काहीही येत नाही. तीसेक वर्षं मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत डिबगरवर काम केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. डिबगर म्हणजे काय हे मी सासूबाईंना, भावाला आणि शेजारच्या मेननना समजावून सांगितलेलं आहे. तिघांनी मान डोलावली. मेनन दुसऱ्या दिवशी प्रिंटर घेऊन आले.

तरी पुन्हा सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमची कंपनी कंट्रोलर बनवायची. वहीएवढा निळा डबा, आत छोटा कॉम्प्युटर. पापडाचं मशीन, बॉयलर, कापड रंगवायची टाकी अशा यंत्रांना तो बसवतात. किती तापवायचं, कधी थांबायचं, ते तो ठरवतो. त्याच्या आतला प्रोग्रॅम म्हणजे छोट्या छोट्या कामांचे तुकडे. एकेका तुकड्याला आम्ही फंक्शन म्हणतो आणि प्रत्येक फंक्शनला नाव असतं, 'तापमान वाच', 'हीटर बंद कर' असं काहीतरी. पण मशीनला नावं कळत नाहीत, पत्ते कळतात. पत्ते म्हणजे नुसते आकडे. म्हणून प्रोग्रॅम तयार होताना त्याच्या फाइलमध्ये एक यादी घातली जाते: या पत्त्यावर हे नाव राहतं, त्या पत्त्यावर ते. यंत्र अडकलं की डिबगर आत डोकावतो, अडकलेला पत्ता बघतो, यादीत शोधतो आणि आपल्याला माणसाच्या भाषेत सांगतो, 'अमुक फंक्शनमध्ये अडकलंय.' ती यादी वाचणारा जो भाग, तो माझा प्रांत.

या कामात गंमतही होती. वसईचे एक पापडवाले होते. त्यांचं मशीन मध्येच वेडंवाकडं चालायचं, म्हणून आम्ही गेलो. तपासायला प्रोग्रॅम क्षणभर थांबवावा लागतो. ते आडवे आले. "थांबवायचा नाही. गुरुजींनी मुहूर्त काढून चालू केलंय. तुम्ही चालू असतानाच बघा." आम्ही त्यांच्या गुरुजींना फोन लावला, थांबवायचाही मुहूर्त काढून घेतला आणि तोवर त्यांच्याकडे बसून पापड खाल्ले. माझे वरिष्ठ कर्णिक सर तेव्हा बरोबर होते. परत येताना एवढे हसले की रिक्षावाला वळून बघायला लागला.

कर्णिक सरांनीच तो डिबगर लिहिला होता, सी भाषेत, मी कंपनीत लागण्याच्या आधी. मुलुंडचे. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं थोडं. मला सी त्यांनीच शिकवली. कोड दाखवायला गेलं की काही न बोलता पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारायचे आणि कागद परत द्यायचे. चूक काय, ते आपण शोधायचं. त्यांच्या कोडमध्ये एकही ओळ जास्तीची नसायची. त्या काळी कॉम्प्युटरला मेमरीच इतकी कमी असायची की ऐसपैस लिहिणं परवडत नव्हतं. आम्ही सगळे तो कोड देवघरातल्यासारखा जपायचो. हात लावायचा तर धुऊन.

पुढे जे झालं ते पालघरच्या पलीकडच्या एका कापड रंगाईच्या कारखान्यात. याला आता बरीच वर्षं झाली.

तिथल्या टाकीला आमचा कंट्रोलर होता. टाकीत पाणी आणि रंग भरतात, झाकण घट्ट लावतात आणि आत दाब धरून उकळीच्या वर नेतात. त्या दिवशी तापवायला सुरुवात झाली आणि थोड्याच वेळात कंट्रोलर अडकला. पडद्यावर तापमान दिसत होतं, पण ते सुरुवातीचं, कोमट. ते तसंच राहिलं. हीटर मात्र चालूच राहिला. टाकीवर किसन नावाचा कामगार होता. त्याला वाटलं, हीटर बंद पडलाय, पाणी तापत नाहीये. बघायला म्हणून त्याने झाकणाचे स्क्रू सैल केले.

तो दवाखान्यात काही दिवस जगला.

कंट्रोलरला बॅटरी होती, त्यामुळे कारखान्याची वीज तोडल्यावरही तो अडकल्या जागीच होता. आमच्या माणसाने जाऊन त्याची मेमरी जशीच्या तशी उतरवून आणली. कर्णिक सरांनी ती डिबगरमध्ये घातली. आम्ही सात-आठ जण त्यांच्या मागे उभे होतो. पडद्यावर एक नाव आलं. ते फंक्शन प्रज्ञाने लिहिलेलं होतं.

प्रज्ञा वानखेडे आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. घाटकोपरची, पंतनगरमधली. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन, मूळचे वाशीमकडचे. घरात इंजिनियर झालेली ती पहिली. कॉलेजात नंबरात आलेली, पण त्याचा गाजावाजा नाही. डब्यात ठेचा असायचा आणि तो सगळ्यांना वाटायची. ज्याच्या डोळ्यांत पाणी येईल त्याला म्हणायची, "काय यार, एवढ्यात वाट लागली?"

मीटिंगमध्ये मोठे साहेब होते. ती उभीच राहिली, बसलीच नाही.

"सर, माझ्या फंक्शनमध्ये लूपच नाहीये," ती म्हणाली. लूप म्हणजे तेच तेच काम पुन्हा पुन्हा करत राहणं. प्रोग्रॅम अडकतो तो बहुतेक वेळा तिथेच. "वरून खाली पाच-सहा ओळी आहेत. अडकणार कुठे?"

साहेबांनी कर्णिक सरांकडे बघितलं.

"डिबगर सांगतोय ते तिथेच आहे," सर म्हणाले.

"सर, पण एकदा बघा ना. त्यात थांबायला जागाच नाहीये."

"प्रज्ञा, यंत्र कुणाची बाजू घेत नाही."

ती माझ्याकडे बघत होती. मीही तेच मानत होते जे सर मानत होते. माझं सगळं काम त्या विश्वासावर उभं होतं. मी खाली बघितलं.

बाहेर चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "स्कॉलरशिपवर शिकलेली ना ती? मग होणारच असं." दोघे हसले. कोण होते ते सांगत नाही. एकाला आता नातवंडं आहेत आणि तो वागायला सज्जन माणूस आहे.

प्रज्ञाकडून राजीनामा घेतला. तिचं फंक्शन दुसऱ्याने नव्याने लिहिलं, सगळ्या गिऱ्हाइकांना नवा प्रोग्रॅम दिला, आणि चूक दुरुस्त झाली असं जाहीर झालं. अंधेरीत कंट्रोलर बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कुणामुळे माणूस गेला हे त्या प्रत्येक कंपनीत आठवड्याभरात कळलं होतं. तिला कुठेच नोकरी मिळाली नाही, एवढं कानावर आलं. मग तेही येईनासं झालं.

कर्णिक सर निवृत्त झाले. डिबगर माझ्याकडे आला.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसांत एका परदेशी गिऱ्हाइकाने मुद्दाम बिघडवलेली एक फाइल आमच्या डिबगरला खायला दिली. यादीत नावं किती, ते फाइलच सांगते. त्यांनी तो आकडा खोटा घातला होता. आमचा जुना कोड भाबडा. फाइल म्हणते ते खरं धरून, यादी संपली तरी वाचत सुटला आणि कोसळला. गिऱ्हाईक म्हणालं, हे सुधारा, नाहीतर आम्ही चाललो. निखिल नावाचा माझा तरुण मॅनेजर होता. तो म्हणाला, "मॅडम, यादी वाचणारा सगळा भाग नव्याने लिहायचा. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही." त्यासाठी निवृत्तीनंतरही मला ठेवून घ्यायचं चाललं होतं.

जुना सी कोड नव्याने लिहिणं म्हणजे जुन्या इमारतीत माणसं राहत असताना पाइप बदलण्यासारखं. पाणी एक दिवसही बंद ठेवता येत नाही. सरांनी मेमरीतल्या जागा हाताने मोजून वाटल्या होत्या. मी तिथे गरजेप्रमाणे वाढणारी साठवण घातली. ते फाइलवर विश्वास ठेवायचे. मी प्रत्येक आकडा आधी तपासायला लावला. थोडं लिहायचं आणि लगेच जुना आणि नवा डिबगर शेजारी शेजारी चालवायचा. दोघांची उत्तरं तंतोतंत जुळली पाहिजेत. तपासायला आमच्याकडे वर्षानुवर्षांच्या फाइली जपून ठेवलेल्या होत्या. सगळ्या जुळत गेल्या. मग रंगाईच्या कारखान्याची ती फाइल आली.

जुन्याने प्रज्ञाचं फंक्शन सांगितलं. नव्याने वेगळंच नाव सांगितलं.

मी धरून चालले की माझंच चुकलंय. मी माझा कोड ओळ न् ओळ तपासला. निखिलला तपासायला लावला. शेवटी ती यादी कागदावर छापून, पट्टी ठेवून, हाताने पत्ता शोधला. नवा डिबगर बरोबर होता.

मग मी सरांचा कोड उघडला. यादी ठेवायला त्यांनी चार हजार शहाण्णव नावांची जागा केली होती. त्या काळी ती समुद्रासारखी वाटली असणार. पुढे एक ओळ होती: जागा संपली की वाचन थांबव. बस. कुणाला सांगणं नाही, सूचना नाही, काही नाही. वर्षं गेली, आमचे प्रोग्रॅम वाढले, आणि कधीतरी नावं त्या आकड्याच्या पुढे गेली. पुढची सगळी नावं डिबगरने मुकाट सोडून दिली.

आता चाळीतली खोल्यांची ओळ डोळ्यांसमोर आणा. शेवटच्या काही खोल्यांच्या पाट्याच नाहीत. त्यातल्या एका खोलीत काही झालं आणि तुम्ही नवख्या माणसाला विचारलंत, कुणाच्या घरात? तो मागे मागे येत जी पहिली पाटी दिसेल ते नाव सांगणार. आमचा डिबगर तसंच करायचा. नावापासून पत्ता किती लांब आहे हेही तेव्हा तो दाखवत नव्हता, नाहीतर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. प्रज्ञा टीममध्ये सर्वांत शेवटी आली होती, म्हणून तिची फाइल शेवटी जोडलेली. तिच्या फंक्शनची पाटी शेवटची. तिच्यानंतर चिप विकणाऱ्या कंपनीकडून आलेला तयार कोड होता. कंट्रोलर अडकला होता तो त्यात. तापमानाच्या सेन्सरला 'सांग' म्हणून विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, असं एक फंक्शन. सेन्सरची वायर नको त्या क्षणी हलली, उत्तर आलं नाही, आणि ते थांबूनच राहिलं.

त्यात लूप होता.

मी खुर्चीत मागे टेकले आणि तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. आम्ही प्रज्ञाचं फंक्शन बदललं होतं. चिपवाल्यांचा तो कोड कुणी बदलला नव्हता. म्हणजे जिथे जिथे तो जुना निळा डबा अजून चालू होता, तिथे तिथे ती चूक तशीच होती.

निखिलने सगळं ऐकून घेतलं. मुलगा चांगला होता, त्याचा चेहरा उतरला. तो वर गेला आणि दोन दिवसांनी मला कॉन्फरन्स रूममध्ये घेऊन बसला.

"मॅडम, ज्यांचा सर्व्हिसचा करार चालू आहे त्यांना नवीन प्रोग्रॅम देणार आहोत. रुटीन अपडेट म्हणून."

"आणि बाकीचे? निम्म्याहून जास्त डबे कराराशिवाय चालतायत."

"ते आता आपले कस्टमर नाहीत, असं म्हणतात वरचे."

"आणि प्रज्ञा?"

"केस बंद झालीय, मॅडम. उघडली तर त्या कामगाराची केसपण उघडणार. लीगलवाले म्हणाले, यातलं काहीही लिहून द्यायचं नाही." तो टेबलाच्या कडेवर नख घासत होता. "तुम्हीपण नका ना काही करू. तुमचं एक्स्टेंशन वर सहीला आहे."

मी लिहून दिलं. जे सापडलं ते साध्या भाषेत, माझ्या सहीने, साहेबांच्या नावाने. उत्तर आलं नाही. एक्स्टेंशनही आलं नाही. निरोपाच्या दिवशी केक कापला आणि निखिलने भाषण केलं. ते मला आठवत नाही.

त्यानंतरच्या पहिल्याच मोकळ्या दिवशी मी मुलुंडला गेले. सरांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. घर टापटीप होतं, पण बंद ठेवलेल्या घराचा वास येत होता. सरांनी स्वतः चहा केला, साखर विसरले. मी सांगायला लागले तर हाताने थांबवलं. "बोलू नकोस. कोड दाखव."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा बदलला. आपलीच ओळ ते बराच वेळ वाचत राहिले. शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, पडद्यापर्यंत नेली आणि मग टेबलावर ठेवून दिली.

"मेमरी नव्हती गं तेव्हा," ते म्हणाले.

"हो सर."

"पण एक ओळ टाकता आली असती. 'नावं मावत नाहीत' एवढं छापायला कितीशी मेमरी लागते?" मग म्हणाले, "ती सांगत होती ना. लूप नाही म्हणून."

"हो."

"तिचं फंक्शन मी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं, शुभदा." ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठ माझ्याकडे होती. "कुठे असते ती? मला तिच्याकडे जायचंय."

पंतनगरचा पत्ता तोच होता. आम्ही दुपारी गेलो. आधी फोन केला नाही, कारण फोनवर काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही सुचत नव्हतं. दार प्रज्ञानेच उघडलं. केस पांढरे झाले होते. माझ्यापेक्षा कितीतरी लहान, पण तशी दिसत नव्हती. आतल्या खोलीत टेबलावर वह्यांचे गठ्ठे होते. ती दहावीच्या मुलांना गणित शिकवते. खाटेवर तिची आई बसली होती.

"परब मॅडम?" ती म्हणाली. मग मागे उभ्या कर्णिक सरांकडे बघितलं आणि तिचा हात दारावरच राहिला. "आत या."

मी सांगितलं. सर खुर्चीच्या कडेवर बसून होते. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. जागा, सुटलेली नावं, चिपवाल्यांचं फंक्शन, सगळं माझ्या आधी तिला कळत होतं. इतक्या वर्षांनीही तिचं डोकं तसंच चालत होतं. मी थांबले. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मोकळा श्वास टाकेल.

"हे मला आता का सांगताय?" ती म्हणाली.

मी सरांकडे बघितलं. ती पुढे बोलू लागली.

"मी म्हणत होते ना, लूप नाही. घरी येऊन रोज ते फंक्शन कागदावर लिहायचे. पाच-सहा ओळी, पाठ होत्या. पप्पांना वाचून दाखवायचे, त्यांना काय कळणार? वर्षभर लिहिलं. मग मलाच वाटायला लागलं, असेल काहीतरी, मलाच दिसत नसेल. एवढी मोठी माणसं म्हणतायत. यंत्र म्हणतंय." ती सरांकडे बघत नव्हती. "मग मी पालघरला गेले. किसनच्या घरी. त्याची बायको सुमन, तिला म्हटलं, ताई, माझ्यामुळे झालं. तिने मला काय काय शिव्या दिल्या. मला बरं वाटलं. निदान कुणीतरी तोंडावर बोललं. दर वर्षी जाते मी. आता ती मला जेवायला घालते. मॅडम, ती मला माफ केलंय म्हणते. कशाबद्दल?"

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"पप्पा गेले तेव्हा त्यांना वाटत होतं, पोरीच्या हातून माणूस मेला. कुणाला बोलले नाहीत. पण सोसायटीच्या मीटिंगला जायचं बंद केलं होतं."

आईने खाटेवरून विचारलं, "काय म्हणतात हे लोक?"

प्रज्ञा पहिल्यांदा सरांकडे वळली. "सर, तुम्ही सांगा. आईला समजेल असं सांगा."

सर उभे राहिले. आयुष्यभर या माणसाला मी तांत्रिक शब्दांशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी हात जोडले.

"माझी चूक होती," ते म्हणाले. "तुमच्या मुलीची नव्हती. तिने खरं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं. "हे तिच्या बापाले सांगाचं होतं," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे करून आडवी झाली.

आम्ही निघालो. प्रज्ञा जिन्यापर्यंत आली. मी म्हटलं, अजून एक गोष्ट राहिली आहे, आणि बाकीच्या डब्यांचं सांगितलं. करार नसलेले. कुणी कळवणार नाही ते. तिने कठडा धरला.

"म्हणजे अजून चालू आहेत?"

"हो."

"तशाच टाक्यांना?"

"काही तशाच."

"आणि तुम्ही इथे माझी माफी मागायला आलात आधी?" तिचा आवाज चढला. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. "आधी ते बंद करायला नको? शेंड्या काय लावताय एकमेकांना?"

सर एका पायरीवर बसले. त्यांना बसताना मी प्रथमच असं बघितलं, रुमाल न अंथरता.

तेव्हापासून आम्ही फोन करतो. कारखान्यांची माहिती कंपनीकडून मिळायची नव्हती, पण इतकी वर्षं तक्रारी ऐकल्यामुळे माझ्या मोबाइलमध्ये निम्मी गिऱ्हाइकं होती: 'भिवंडी बॉयलर', 'वापी कापड', 'पापडवाले'. दुपारी मी प्रज्ञाकडे जाते, तिची मुलं यायच्या आधी. सर मुलुंडहून त्यांच्या ओळखीच्या जुन्या लोकांना लावतात. कुणी ऐकतं, डबा काढून टाकतं. कुणी म्हणतं, कंपनीकडून लिहून आणा. काही कारखाने बंद झालेत, त्यांचे डबे भंगारात गेले आणि तिथून कुणीतरी नेऊन दुसऱ्या टाकीला बसवले. ते कुठे आहेत हे आता कुणीच सांगू शकणार नाही. कंपनीच्या वकिलाची नोटीस मला आली आहे. निखिलचाही फोन आला. "मॅडम, प्लीज थांबवा," म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी हळू आवाजात अंबरनाथच्या दोन कारखान्यांची नावं सांगितली.

प्रज्ञा पालघरला जाऊन सुमनला सगळं सांगून आली. सुमन काय म्हणाली ते तिने मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

परवा अंबरनाथच्या त्यातल्या एका मालकाला फोन लागला. प्रज्ञाने स्पीकरवर टाकला होता.

"निळा डबा? हो, आहे ना. चालू आहे. झकास चालतो, इतक्या वर्षांत एकदा त्रास नाही. मध्ये मध्ये अडकतो, मग पोरं बंद करून चालू करतात."

"साहेब, तो काढा. आजच काढा. अडकतो तेव्हा हीटर चालूच राहतो. पडद्यावरचं तापमान खोटं असतं."

"कंपनीतून बोलताय का?"

"नाही."

"मग कोण बोलताय?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. पाठ सरळ केली.

"मी प्रज्ञा वानखेडे. त्या डब्यातला प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे. त्यात एक माणूस गेलाय."

मग त्याने फोन कट केला.

प्रज्ञाने पदराने फोनची काच पुसली आणि तोच नंबर पुन्हा लावला.